चौदा आठवडे, कॅम्पर ट्रेलर आणि पाठीवरचं बिऱ्हाड

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑस्ट्रेलियाभोवती फिरायचा बेत आहे: मेच्या सुरुवातीला मेलबर्नहून निघायचं, नलारबॉरचं निर्जन मैदान ओलांडून पर्थ, तिथून किनाऱ्याने ब्रूम, पुढे डार्विन, आणि अॅलिस स्प्रिंग्जवरून अॅडलेडमार्गे घरी. लाँग सर्व्हिस लीव्ह (बरीच वर्षं नोकरी केल्यावर मिळणारी लांब रजा) आणि साठलेली रजा मिळून चौदा आठवडे हातात आहेत. बरोबर दहा वर्षांची मुलगी आहे, पुण्याहून आई-बाबाही येणार आहेत. वापरलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा, उघडला की कॅनव्हासचा तंबू होणारा ट्रेलर, घेतला आहे. गाडी साडेतीन टन ओढते, तेव्हा वजनाची काळजी नाही. रोज किती किलोमीटर जावं आणि सामान काय काय घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आम्ही अकरा वर्षं ट्रेलर ओढतो आहोत. नलारबॉर दोनदा ओलांडलं, आणि एकदा पाच महिन्यांची पूर्ण प्रदक्षिणा केली. त्या अनुभवावरून सांगते: तुमचा बेत छान आहे, ऋतूही बरोबर निवडला आहे, पण ‘साडेतीन टन ओढते, तेव्हा काळजी नाही’ हे वाक्य आधी खोडून टाका. या प्रवासात तुम्हाला अडचणीत आणणारी गोष्ट असेल तर ती हीच.

साडेतीन टन हा गाडीमागे जास्तीत जास्त किती वजन जोडता येईल याचा आकडा. गाडीत स्वतःत किती भरता येईल, हा हिशेब निराळा. गाडीच्या कागदांवर दोन आकडे शोधा. जीव्हीएम म्हणजे माणसं, सामान, टाकीतलं डिझेल धरून गाडीचं कमाल वजन. जीसीएम म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन. समजा गाडी रिकामी २,२०० किलो, जीव्हीएम ३,०५० आणि जीसीएम ५,८५०. गाडी पूर्ण भरली की मागे ओढायला ५,८५० वजा ३,०५०, म्हणजे २,८०० किलोच उरतात. साडेतीन टन गेले कुठे? ते होते ते जवळजवळ रिकाम्या गाडीसाठी.

तुमचा ट्रेलर हलका असल्यामुळे हे २,८०० तुम्हाला पुरून उरतील. तुमची गाठ पडणार आहे ती जीव्हीएमशी. वरच्या उदाहरणात गाडीत भरायला ८५० किलो मिळतात. त्यातले बुलबार (गाडीच्या तोंडाशी बसवलेला मजबूत कठडा), टपावरचं कॅरियर, मागचे ड्रॉवर आणि दुसरी बॅटरी यांत १५० गेले. भरलेला फ्रिज ६०. पाच माणसं साधारण ३३०. आणि बहुतेक लोक विसरतात तो भार, म्हणजे ट्रेलरच्या दांडीचा गाडीच्या हुकावर येणारा भार, हाही गाडीच्याच खात्यात जमा होतो. तो १५० धरा. उरले १६० किलो. त्यात पाच जणांच्या बॅगा, हत्यारं, जॅक, चिखलातून गाडी ओढून काढायचे पट्टे, पाण्याचे कॅन. आई-बाबा मागे बसले की तुमची गाडी काठोकाठ भरली म्हणून समजा.

ट्रेलरलाही त्याची स्वतःची मर्यादा असते. दांडीजवळच्या पत्र्याच्या पाटीवर टेअर आणि एटीएम हे दोन आकडे कोरलेले असतात. टेअर रिकाम्या ट्रेलरचं वजन, एटीएम भरलेल्याचं कमाल. आमच्या पहिल्या ट्रेलरचं टेअर १,१५० होतं आणि एटीएम १,६००. साडेचारशे किलो म्हणजे चिकार, असं वाटलं होतं. निघायच्या आठवडाभर आधी वजनकाट्यावर नेला, तर ९० किलो जास्त भरला! पाण्याची टाकी १२० लिटरची, म्हणजे तिथेच १२० किलो. ९ किलोचे दोन गॅस सिलिंडर, भरलेले, मिळून ३५ किलोच्या वर. मग मी कप्पे उपसायला घेतले तर वीस किलो कणीक निघाली, बिडाची मोठी कढई, आंब्याच्या लोणच्याच्या काचेच्या दोन बरण्या, आणि एक भिंतच उभी करता येईल इतकं कापड. कणीक वाटेत कुठल्याही गावात मिळते. तेव्हापासून आठवड्याच्या वर कोरडा शिधा मी घेत नाही. अपवाद फक्त जे मोठ्या शहराबाहेर मिळत नाही त्याचा: भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम.

वजनकाट्यावर एकदा जायचंच. सगळं भरून, टाक्या भरून, माणसांसकट. आधी गाडी-ट्रेलर जोडलेले असताना नुसत्या गाडीची चाकं काट्यावर, मग नुसती ट्रेलरची चाकं, मग ट्रेलर सोडवून एकटा. शेवटच्या दोन आकड्यांतला फरक हा दांडीचा भार. तो ट्रेलरच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. कमी पडला, आणि जड सामान मागच्या टोकाला असलं, तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. उतारावर, आडव्या वाऱ्यात किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की एका क्षणात. त्या वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि तेच करायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलायचा आणि ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचं डॅशबोर्डवरचं बटण अंगठ्याने दाबायचं, म्हणजे फक्त ट्रेलरची चाकं धरतात आणि ट्रेलर ताणून सरळ होतो. त्या बटणापर्यंत हात न बघता गेला पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, दोघांनीही सराव करा. दोघांनी म्हणजे दोघांनी. चौदा आठवडे एकट्याने चालवणं बरं नव्हे, आणि एकाची पाठ धरली तर दुसऱ्याला ट्रेलर मागे घेता आलाच पाहिजे.

आता आई-बाबा. वजन बाजूला ठेवलं तरी माझं मत असं की त्यांना सगळी चौदा आठवडे कॅम्पर ट्रेलरमध्ये नेऊ नका. बिछाना उंचावर, चढायला शिडी, रात्री दोनदा उठायचं म्हटलं की थंडीत चेन उघडून, टॉर्च घेऊन, शंभर पावलं चालत संडासापर्यंत. सत्तरीच्या गुडघ्यांना हे रोज जमत नाही, आणि ते मोकळेपणाने सांगणारही नाहीत. माझ्या सासूबाईंनी सहा दिवस सांगितलं नाही. सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दुपारनंतर त्या पाणीच पीत नव्हत्या, रात्री उठावं लागू नये म्हणून. त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. त्यांना विमानाने थेट मुक्कामाच्या गावी बोलवायचं. कॅराव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर-तंबू लावायच्या भाड्याच्या तळावर, आपली ट्रेलरची जागा आणि जवळच एक केबिन घ्यायची. केबिनला स्वतःचं न्हाणीघर, खरा पलंग, छोटं स्वयंपाकघर. सकाळचा चहा आमच्याकडे, रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. तुमच्यासाठी ब्रूम उत्तम. विमानाने सरळ जाता येतं आणि दहा दिवस कसे गेले कळणार नाही. त्यांच्या तारखा पौर्णिमा बघून ठरवा. मार्च ते ऑक्टोबर या काळात पौर्णिमेच्या आसपास ब्रूमच्या रोबक बे या उपसागराच्या चिखलावर ओहोटीत चंद्र उगवतो, आणि पाण्याच्या पट्ट्यांवर चांदीच्या पायऱ्या चढत गेल्यासारख्या दिसतात. तिथे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरपर्यंत जातो, म्हणून तर एवढा चिखल उघडा पडतो. जुलैत शाळांच्या सुट्ट्या असतात, तेव्हा केबिन आजच बघायला लागा.

रोज किती किलोमीटर, याचं माझं उत्तर ३५०, त्याहून जास्त नाही. आडवळणं धरून तुमचा एकूण प्रवास साधारण १४,००० किलोमीटर होईल. ३५०ने भागलं तर चाळीस दिवस. तुमच्याकडे अठ्ठ्याण्णव आहेत. म्हणजे अठ्ठावन्न दिवस गाडी हलवायचीच नाही, आणि खरा प्रवास तो. पहिल्या खेपेला आम्ही उलटं केलं होतं. रोज नवं गाव, रोज तंबू उभारा, रोज मोडा. तिसऱ्या आठवड्यात मुलगा रडकुंडीला आला, आणि आम्ही दोघं एकमेकांशी फक्त खुंट्या आणि दोऱ्यांबद्दल बोलत होतो. आता मी बेत आखते तो मुक्कामांचा. एस्परन्स, एक्समाउथ आणि ब्रूम इथे प्रत्येकी आठ ते दहा दिवस, मध्ये चार-पाच ठिकाणी तीन-तीन दिवस, आणि त्यांना जोडणारे रस्ते. मुक्कामाचा पहिला दिवस झोपेत जातो, दुसरा कपडे धुण्यात आणि दुरुस्तीत. तिसऱ्या दिवसापासून आपण त्या जागेचे होतो. कोणत्या झाडाखाली किती वाजता सावली येते ते कळतं, शेजारच्या जोडप्याच्या कुत्र्याचं नाव कळतं, मुलगी सायकल घेऊन एकटी पाणी आणायला जाते.

एक्समाउथजवळचं केप रेंज नॅशनल पार्क त्यातलं माझं सर्वांत आवडतं. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर निंगालूचं प्रवाळ. टर्क्वॉइझ बेला दक्षिणेच्या बाजूने पाण्यात उतरायचं, तोंड खाली घालून नुसतं तरंगायचं, प्रवाह आपल्याला प्रवाळांवरून उत्तरेकडे नेतो. वाळूच्या टोकाच्या आधी मात्र बाहेर यायचंच, कारण त्यापुढे ओढ समुद्राकडे जाते. मुलीला हे आधी वाळूवर रेघ काढून समजवा. पार्कमधल्या कॅम्पच्या जागांवर वीज नाही, आणि पिण्याचं पाणी आपलं आपण न्यावं लागतं. जागा मोजक्या असतात, बुकिंग उघडल्या दिवशीच करा. दुपारी दक्षिणेचा वारा असा सुटतो की ट्रेलरपुढचं कापडी छत खाली करून ठेवलेलं बरं. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत, स्क्रूसारख्या लांब खुंट्या घ्या.

तिथे आम्ही पाण्याचा हिशेब शिकलो. तिघांना दिवसाला वीस-बावीस लिटर पुरतं, पिण्यासकट, जर भांडी नीट घासली तर. सगळं पाणी जातं ते भांड्यांत. ताटं आधी कागदाने पुसून काढायची, मग एका टबात साबण, दुसऱ्यात विसळायचं पाणी. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे. एका शिट्टीच्या गॅसमध्ये तीन पदार्थ आणि धुवायला एक कुकर. फडक्यात बांधलेली मटकी गाडीत मागच्या काचेपाशी ठेवली की पुढच्या मुक्कामाला मोड आलेले असतात.

पण जाताना बटाटे, मटकी असलं सगळं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याच्या हद्दीआधी संपवा. नलारबॉरवर बॉर्डर व्हिलेजला गाडी थांबवून तपासतात. फ्रिज, कप्पे, ट्रेलरचं स्वयंपाकघर, सगळं. ताजी फळं, भाज्या, कांदे, बटाटे, आलं, लसूण, कढीपत्ता, मध, काहीही आत नेता येत नाही. मधाचं लोकांच्या लक्षातच राहत नाही. बियाण्यांवरही निर्बंध आहेत, म्हणून अख्खी कडधान्यं न विचारता अधिकाऱ्यापुढे ठेवायची. आमच्या मिसळणाच्या डब्यात आल्याचा एक वाळका तुकडा राहिला होता. तो मीच काढून दिला, आणि त्या बाईंनी हसून पिशवीत टाकला. लपवलेलं सापडलं तर दंड होतो. आदल्या रात्री उरलेल्या सगळ्या भाज्यांचं कालवण करा आणि सकाळी तेच पोळीबरोबर खा. साउथ ऑस्ट्रेलियात शिरतानाही फळमाशीमुळे असेच नियम आहेत, जाताना आणि परतताना दोन्ही वेळा. घाईत केलेली मोठी भाजीखरेदी तिथे कचऱ्यात जाते.

नलारबॉरची लोक उगाच धास्ती घेतात. सेडूनापासून नॉर्समनपर्यंत साधारण १,२०० किलोमीटर, रस्ता पक्का डांबरी, दर शंभर-दोनशे किलोमीटरवर रोडहाउस, म्हणजे पंप आणि खानावळ. डिझेल महाग, पण मिळतं. पाणी मात्र फुकट मिळेल असं धरू नका, सेडूनाला टाकी भरून निघा. बॅलाडोनिया आणि केगूनाच्या मध्ये १४६.६ किलोमीटर रस्ता सरळ रेघेत जातो, एक वळण नाही. चालवणाऱ्याने दर दीड तासाला बदलायचं. पश्चिमेचा वारा समोरून असेल तर डिझेल वाढतं. माझ्या वहीत एरवी शंभर किलोमीटरला साडेतेरा लिटर आहे, त्या दोन दिवसांत साडेसोळा. तुम्ही मेमध्ये जाताय, तेव्हा वाटेतल्या हेड ऑफ बाइट या किनाऱ्यावर देवमासे बहुधा भेटणार नाहीत. ते जून ते ऑक्टोबरचे पाहुणे.

अंधारात चालवायचं नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, वर उत्तरेला मोकळी गुरंही असतात. चारच्या आत मुक्काम गाठायचा, म्हणजे उजेडात तंबू उभा राहतो. रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. ती मागून ओलांडायला आली की आपला वेग आणि रेघ सोडायची नाही, ती पूर्ण बाहेर आल्यावर हळूच पाय उचलायचा. यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांनी आपसात बोलायचा वायरलेस, घ्या. ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर असतात. ‘मी कॅम्पर ट्रेलरवाली, पुढे रस्ता मोकळा आहे’ एवढं सांगितलं की त्यांची आणि आपली दोघांची काळजी मिटते. मोबाइलला बराच काळ रेंज नसेल, म्हणून उपग्रहावर चालणारं संकटसूचक यंत्र जवळ हवंच. फ्लाइंग डॉक्टरची, म्हणजे विमानाने येणाऱ्या डॉक्टरांची, सेवा १९२८ पासून याच निर्जन भागासाठी उभी आहे, पण तिला बोलवायला साधन आपल्या हातात पाहिजे.

ट्रेलर वापरलेला आहे, म्हणून दोन गोष्टी. पहिली चाकांच्या बेअरिंगची. नवं ग्रीस घालूनच निघा आणि सुट्या बेअरिंगचा एक संच जवळ ठेवा. दर थांब्याला उतरलं की मी ट्रेलरच्या टायरला आणि चाकाच्या मध्यभागी हाताची मागची बाजू लावते. एका वर्षी समुद्राच्या पाण्यातून ट्रेलर मागे घेतला होता. गरम हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) थंड पाण्यात गेला की सीलमधून पाणी आत ओढलं जातं, हे माहीत असूनही आम्ही ग्रीस बदललं नाही. चौथ्या दिवशी डावं चाक हात ठेववेना इतकं तापलेलं. आणखी पन्नास किलोमीटर गेलो असतो तर चाक निखळलं असतं. त्या दिवसापासून हात लावल्याशिवाय चहाचा थर्मास उघडायचा नाही, असा घरचा नियम आहे.

दुसरी कॅनव्हासची. घरामागे उभा करून पाइपने चिंब भिजवा आणि पूर्ण वाळू द्या, असं तीनदा. सुती दोरा फुगून शिवणीतली सुईची भोकं बुजतात. जिथे तरीही गळेल तिथे शिवणीला मेण लावा. ओला कॅनव्हास मिटावाच लागला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडून वाळवायचाच. बुरशीचे काळे ठिपके एकदा पडले की जात नाहीत, आणि त्या वासात झोपणं त्रासाचं. आणि थंडी कितीही असो, बंद कॅनव्हासमध्ये शेगडी किंवा गॅसचा हीटर लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेचं थोडक्यात. ६० लिटरचा फ्रिज उन्हाळी हवेत दिवसाला ३५-४० अँपिअर-तास खातो. २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, चालत्या गाडीतून भरणारा डीसी चार्जर आणि उन्हात हलवता येईल असं घडीचं सोलर पॅनेल, एवढ्यावर आम्ही दहा दिवस वीज न घेता राहतो. पॅनेल टपावर पक्कं बसवलं की गाडी उन्हात ठेवावी लागते आणि माणसंही उन्हात बसतात.

ब्रूमच्या पुढे, किम्बर्ली या उत्तरेकडच्या भागात, गिब रिव्हर रोडचा मोह होईल. डर्बीकडून कुनुनुराकडे जाणारा ६६० किलोमीटरचा रस्ता, कच्च्या भागात खडबडीत नालीदार पत्र्यासारखा. साध्या रस्त्याचा ट्रेलर असेल तर या खेपेला नको. असल्या रस्त्यावर शंभर किलोमीटरमध्ये आमच्या डब्यांची झाकणं आपोआप फिरून उघडली आणि तिखट गाद्यांपर्यंत गेलं. डांबरी रस्त्याने फिट्झरॉय क्रॉसिंगमार्गे जा. किम्बर्लीत कुठेही नदीकाठी उतरलात तर पाण्यापासून निदान ५० मीटर लांब तंबू, आणि भांडी धुवायला काठावर जायचं नाही. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात.

मुलीच्या शाळेशी आत्ताच बोला. तिला रोज एक काम तिचं स्वतःचं द्या. आमच्याकडे डिझेलची वही मुलगा लिहायचा.

निघण्यापूर्वी तीन शनिवार-रविवार तुमच्याच राज्यातल्या ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत किंवा विल्सन्स प्रॉमच्या किनाऱ्याला काढा. त्यातला एक तरी पावसाचा असू द्या. जे सामान तिन्ही वेळा कप्प्यातून बाहेरच आलं नाही ते घरी ठेवा. मग वजनकाट्यावर जा, आणि गाडी, ट्रेलर, दांडीचा भार आणि एकूण, हे चारही आकडे मला कळवा. एटीएम आणि जीव्हीएमच्या पाट्यांचे फोटोही टाका. काय काढायचं आणि काय पुढे सरकवायचं ते आपण मिळून बघू.